शिरेचा नमुना घेताना
खडकातील खनिजाच्या शिरेत गॅलेना (शिशाचे खनिज) चमकताना दिसला की नवख्याचा हातोडा नेमका तिथेच पडतो. परंतु असा वेचलेला तुकडा शिरेची खरी प्रत, म्हणजे तिच्यातील धातूचे प्रमाण, सांगत नाही. नमुना शिरेला आडवा, एका भिंतीपासून (बाजूच्या खडकाला लागणाऱ्या कडेपासून) दुसरीपर्यंत सलग खाच पाडून घ्यावा आणि बाजूचा खडक वेगळ्या पिशवीत भरावा. भिंगाखाली कॅल्साइटच्या पातळ पात्यांची जागा क्वार्ट्झने घेतलेली दिसली, तर तेथे उष्ण द्रावण उकळले असण्याची दाट शक्यता असते, आणि उकळताना सोने द्रावणातून बाहेर पडू शकते, म्हणून अशी जागा मी कधीच सोडत नाही. पृष्ठभागावरील तांबूस, सच्छिद्र लिमोनाइटमधून (गंजासारख्या लोहखनिजातून) जस्त बहुधा धुऊन गेलेले असते. तेथील जस्ताच्या कमी आकड्यांवरून खोलवरच्या स्फॅलेराइट या जस्ताच्या खनिजाबद्दल निष्कर्ष काढू नका. रुंदी शिरेच्या काटकोनातच मोजावी.