लायसन्स निलंबित झालं, आता पुढे?

प्रश्न : हेल्मेट नव्हतं म्हणून चलान झालं, हजार रुपये भरले. तरी आरटीओची लायसन्स निलंबनाची नोटीस आली. दंड भरल्यावर हे कशासाठी?

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-डी मध्ये दंडाबरोबर तीन महिन्यांची अपात्रताही, म्हणजे लायसन्स बाळगायला बंदीही आहे. चलान भरलं की ती मिटत नाही. मात्र कलम १९ प्रमाणे आदेशाआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. बहुतेक जण नोटीस ड्रॉवरमध्ये टाकतात आणि आदेश हातात पडल्यावर एजंट शोधत फिरतात.

प्रश्न : निलंबन चालू असताना भावाची स्कूटर कोपऱ्यापर्यंत नेली तर? विमा चालू आहे.

उत्तर : हात लावू नका. कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण खरी मेख विम्यात आहे. चालक त्या दिवशी अपात्र होता, हा बचाव कायद्यानेच कंपनीच्या हाती दिलाय. कोणी जखमी झालं, तर मोटार अपघात भरपाईचं न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि ती गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे चालवलीत तुम्ही, आणि लाखोंच्या वसुलीची नोटीस भावाच्या नावाने! स्कूटरच्या दुरुस्तीचा दावाही अडकणार, ते वेगळंच.

प्रश्न : तीन महिने संपले की लायसन्स आपोआप सुरू?

उत्तर : तसं धरून चालू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९ खाली जमा झालेलं लायसन्स उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच परत मिळतं. गाडी काढण्याआधी सरकारच्या सारथी पोर्टलवर लायसन्सची सद्यस्थिती बघा.

प्रश्न : विम्याचा पुरावा मोबाइलवर चालतो का?

उत्तर : डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमधला चालतो. तारखा मात्र नीट वाचा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. कायद्याला थर्ड पार्टी हवा. तो नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४,०००, आणि दोन्ही वेळा तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.