विचारा की! : आठ पॉइंटला आठ रंगीत बल्ब?

प्रश्न : काका नमस्कार. परभणीला घर बांधायलोत, वायरिंगचं काम सध्या चालूये. पोरगा मोबाईलवर बघून बघून मागं लागलाय की सगळ्या खोल्यांत ते रंग बदलणारे स्मार्ट बल्ब लावायचे, मोबाईलवरून चालू बंद होतेत, लाईट बिल पण वाचतं म्हणतो. एका बल्बला सहाशे रुपये, आमचे आठ पॉइंट. सासरे म्हणतेत कामून पैसे घालवता, उजेड तर उजेडच. खरंच बिल वाचतं का आणि एवढा खर्च करावा का?
— एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : ताई, आधी बिलाचंच बघू, कारण पोरानं तुम्हाला तिथंच गुंडाळलंय. साधा एलईडी पण 9 वॅटचा आणि हा पण साधारण तेवढ्याचाच. रोज पाच तास लावला तर वर्षाला सोळा-साडेसोळा युनिट होतेत, दोन्हीचे सारखेच. उलट स्मार्ट बल्ब मोबाईलवरून बंद केला तरी आतून जागाच असतो, वायफायचा हुकूम कधी येईल त्याची वाट बघत, आणि त्यासाठी अर्ध्या वॅटच्या आसपास खात राहतो. म्हणजे एका बल्बमागं वर्षाला तीन-साडेतीन युनिट फुकट. मंद करून वापरला तर थोडं वाचतं हे खरं, पण शंभरचा साधा आणि सहाशेचा स्मार्ट धरला तर आठ बल्बला चार हजार जास्तीचे जातेत, ते बिलातून कधीच निघणार नाहीत. बचत व्हायची होती ती साठ वॅटचा पिवळा बल्ब जाऊन एलईडी आला तेव्हाच झाली, 2015 ला उजाला योजनेत घरोघर स्वस्तात बल्ब मिळाले ना, तेव्हा. तेव्हा हा शौक आहे म्हणून घ्या, शौकाला माझी काही ना नाही, फक्त बचतीच्या नावाखाली नको.

आता खरी गोष्ट, जी त्या रीलमधी कोणी सांगत नाही. आपल्याकडची लाईन. स्मार्ट बल्बला लाईट जाऊन आली की काय करायचं हे कंपनीनं ठरवून दिलेलं असतं, आणि बऱ्याच बल्बांत ते असतं "फुल पेटायचं". म्हणजे रात्री तुम्ही मोबाईलवरून बंद करून झोपलात, बाराला लाईन गेली, तीनला आली की बेडरूममधी लख्ख उजेड आणि लेकरू उठून बसलं. ॲपमधी "पॉवर ऑन" नावाची सेटिंग असते, तिथं "आधीसारखा" असं करून ठेवता येतं, पण सगळ्या बल्बांत ती मिळत नाही, म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा, रंग किती लाख आहेत ते नंतर.

आणखी एक गंमत बघा. बऱ्याच बल्बांना नव्यानं मोबाईलला जोडायचं असलं तर बटन तीन-चारदा पटपट चालू-बंद करायचं असतं, तशी खूणच ठरलेली. आता वळवाच्या पावसात आपली लाईट कशी करते, येते-जाते-येते-जाते. बल्बला वाटतं मालकच मला नव्यानं जोडायलाय, आणि तो आपला भकभक उघडझाप करत बसतो. मग वारं सुटलेलं, डीपीकडून आवाज येतोय, लेकरं ओरडायलीत आणि बापानं ॲप उघडून वायफायचा पासवर्ड टाकत बसायचं. वायफायचा पासवर्ड बदलला की पण सगळे बल्ब पुन्हा एकेक करून जोडावे लागतेत, आठ असले तर आठही. शिवाय यातले बहुतेक बल्ब 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतेत, नवीन राउटरवर 5 चं नाव वेगळं दिसत असलं तर मोबाईल आधी 2.4 वर घ्या, नाहीतर "बल्ब सापडत नाही" म्हणत अख्खी संध्याकाळ जाते. घराला इन्व्हर्टर असला पण राउटर त्यावर नसला तर लाईन गेल्यावर बल्ब पेटलेला राहतो पण मोबाईलला दाद देत नाही, ते वेगळंच.

आणि घरातली माणसं! स्मार्ट बल्ब मोबाईलवरून चालायचा तर भिंतीवरचं बटन कायम चालूच ठेवावं लागतं. सासूबाईंचा हात सवयीनं बोर्डावर जाणारच, खोलीतून निघताना बटन बंद करायची शिस्त आपल्याला त्यांनीच लावलीय. बटन बंद झालं की ॲप, आवाज देऊन चालू करणं, सगळं संपलं. अलेक्साला हिंदी कळतं, पण करंटच नसलेला बल्ब ती तरी कुठून पेटवणार.

वायरिंग चालूये म्हणता ना, मग पैसे तिथं घाला. बेडरूमला दारापाशी आणि पलंगापाशी टू-वे बटन, म्हणजे एकच लाईट दोन्ही ठिकाणावरून चालू-बंद होईल असं, काढून घ्या, जिन्याला पण, मिस्तरीला आजच सांगा कारण प्लास्टर झाल्यावर पुन्हा भिंत फोडावी लागंल. झोपल्या जागेवरून लाईट बंद करणं ही स्मार्ट बल्बची मुख्य सोय, ती दोन-तीनशे रुपयाच्या वायर-बटनात होते आणि वायफाय गेलं तरी चालते. बोर्डाच्या डब्यात न्यूट्रल, म्हणजे करंट परत जाणारी वायर, आलाय का तेवढं बघून घ्या, पुढंमागं स्मार्ट स्विच बसवावा वाटला तर बहुतेकांना तो लागतो. स्विच स्मार्ट असला तर आत शंभरचाच बल्ब चालतो आणि सासूबाईंनी बटन दाबलं तरी काही बिघडत नाही. हां, त्यानं रंग मात्र बदलत नाहीत. पीओपी करून पॅनल लाईट बसवणार असाल तर तिथं बल्बचा होल्डरच नसतो, पोराला हे सांगितलंय का कोणी?

रंगाचं म्हणाल तर खोक्यावरचे 9 वॅट आणि लुमेन (उजेडाचं माप) पांढऱ्या उजेडाचे असतेत. आत पांढऱ्याचे दाणे वेगळे, लाल-हिरवा-निळ्याचे वेगळे. निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालंय, पण तुमच्या बल्बात गडद निळा लावला की तेवढेच मोजके दाणे पेटतेत आणि खोलीत धड वाचता पण येत नाही. पोरं आठ दिवस रंग फिरवतेत, मग सगळं पांढऱ्यावर येऊन थांबतं, बहुतेक घरात असंच बघितलंय. कामाचा खरा आहे तो मंद पिवळा उजेड, रात्री म्हाताऱ्या माणसाला उठावं लागतं तिथं, किंवा पावसाळ्यात दारासमोर, कारण पिवळ्यावर पाखरं-किडे पांढऱ्यापेक्षा कमी जमतेत.

तर माझं मत विचाराल तर एकच घ्या, पोराच्या खोलीत लावा. बंद काचेच्या डोममधी नको, आपल्या उन्हाळ्यात आतलं सर्किट तापून लवकर जातं. बाकी सात ठिकाणी साधे, आणि वाचलेल्या पैशातून दोन बॅटरीवाले इन्व्हर्टर बल्ब, लाईन गेली की आपोआप चालू राहणारे. सासरे पण खूश.

प्रश्न : नीटची तयारी करतोय, लातूरला रूमवर राहतो. रूममेटनं जांभळा बल्ब लावलाय, म्हणतो एकाग्रता वाढते. खरंय का?

उत्तर : नाही रे बाबा. डोळ्याला ताण येईल बाकी काही नाही. अभ्यासाला पांढरा, पुस्तकावर सावली पडणार नाही असा डाव्या बाजूनं, डावखुरा असशील तर उजव्या. झोपायच्या तासभर आधी पिवळा आणि कमी कर, निळसर झगझगीत उजेडानं मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं शरीरातलं हार्मोन, दबतं आणि झोप लांबते. त्याला दुकानात तीन रंगाचा बल्ब मिळतो, भिंतीचं बटन बंद करून चालू केलं की पांढऱ्याचा पिवळा होतो, ना ॲप ना वायफाय, दोनशेच्या आतबाहेर येतो. मालकानं वायफाय दिलं नसलं तरी चालतो.

प्रश्न : महालक्ष्म्यांच्या आराशीला हे रंगाचे बल्ब वापरले तर कसे दिसतील? — अंबाजोगाई

उत्तर : महालक्ष्म्यांच्या अंगावर रंगीत उजेड टाकूच नका ताई. हिरवी साडी लाल उजेडात काळपट दिसते, कारण परत फेकायला हिरवा उजेडच तिच्यावर पडत नाही, आणि एवढी हौसेनं नेसवलेली पैठणी ओळखू येत नाही. समोरून पिवळसर पांढरा साधा बल्ब ठेवा आणि रंग मागच्या पडद्यावर. त्याला रिमोटवाली पट्टी घ्या, 12 व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालते, बल्बापेक्षा स्वस्त पडते आणि पुढच्या वर्षी गुंडाळून ठेवता येते. फक्त गुंडाळी तशीच ठेवून पेटवू नका, तापते, आणि ॲडॅप्टर पडद्याच्या कापडात खुपसून ठेवू नका.