तळाच्या संघाचा भाव वाचताना

आपण विचारले आहे की, अमेरिकेच्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये बहुतेक हंगामांत गटाच्या तळाचा एखादा संघ पुढच्या वर्षी पहिला येतो, तर आठही गटांतल्या तळाच्या संघांवर सारखी रक्कम लावून नफा का होऊ नये.

निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र टिकत नाही. गटात संघ चारच असतात. तळाच्या प्रत्येक संघाला पहिले येण्याची १२ टक्केच शक्यता आहे असे धरले, तरी आठांतला निदान एक वर येण्याची शक्यता ६४ टक्के भरते. आणि हा हिशेब भाव काढणाऱ्या बुकीने आपल्याआधीच केलेला असतो. उदाहरणापुरते एका गटाचे भाव (म्हणजे पैज जिंकल्यास एका रुपयामागे मुद्दलासह परत मिळणारी रक्कम) १.८०, ३.५०, ६.०० आणि ११.०० घ्या. १ ला प्रत्येक भावाने भागून बेरीज केली, की ती १०० टक्के न येता ११० येते. वरचे १० बुकीचे. त्यामुळे ११.०० या भावातून दिसणारी ९.१ टक्के शक्यता प्रत्यक्षात ८.३ च्या आसपास उरते, आणि अशा शंभर रुपयांमागे सरासरी नऊ रुपये जातात. आठ ठिकाणी लावल्याने ही तूट भरून निघत नाही.

तळाच्या संघाला 'सोपे वेळापत्रक' मिळते, यावरही फार विसंबू नये. १७ पैकी तीनच सामने मागच्या वर्षीच्या क्रमांकावरून ठरतात. त्यापेक्षा संघ तळाला का गेला, हे पाहावे. २०२० मध्ये सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जो बरो नोव्हेंबरमध्येच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि संघाने चारच सामने जिंकले. पुढच्या हंगामात तो परतल्यावर त्यांनी गट जिंकून थेट सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, गाठला.

ह्यूस्टन टेक्सन्सचे २०२३ चे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. आदल्या वर्षी तीन विजय, मग नवे प्रशिक्षक डेमेको रायन्स आणि ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड. तरीही शेवटच्या आठवड्यापूर्वी टेक्सन्स आणि त्यांच्याच गटातले कोल्ट्स व जॅग्वार्स हे तिघेही ९-७ (नऊ विजय, सात पराभव) वर होते. शनिवारी टेक्सन्स २३-१७ ने पुढे असताना, अखेरच्या क्षणांत कोल्ट्सचा चौथ्या डाउनवरचा, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या शेवटच्या प्रयत्नातला, पास झेलणाऱ्याच्या हातून निसटला. एवढ्यानेही टेक्सन्सवरची पैज जिंकली गेली नव्हती. रविवारी जॅग्वार्स टेनेसीत २८-२० ने हरले, तेव्हा कुठे गट टेक्सन्सचा झाला.