गोव्यातल्या गावच्या हौशी नाट्यमंडळाचा इतिहास काय असतो? ते कधी, कोणी स्थापन केलं आणि इतकी वर्षं टिकलं कसं?

कधी स्थापन झालं, याचं उत्तर आमच्या गावात कुणाकडेच नाही. फोंडा तालुक्यातलं, म्हणजे जुन्या अंत्रुज महालातलं आमचं गाव. मंडळाची रीतसर नोंदणी झाली ती अगदी अलीकडे, अनुदानाच्या अर्जात नोंदणी क्रमांकाचा रकाना असतो म्हणून. त्याआधी देवाचा उत्सव होता, उत्सवाला नाटक होतं आणि नाटक करणारी पोरं म्हणजे मंडळ.

माझ्याकडे पुरावा म्हणाल तर एकच, आजोबांची प्रॉम्प्टिंगची वही. हयातभर ते विंगेत बसले. वहीच्या कडा वाळवीने खाल्ल्यात, पण संवाद अजून वाचता येतात. बाजूला पेन्सिलीच्या खुणा: ‘येथे थांबणे, टाळ्या’. एका ठिकाणी नुसतंच, ‘येथे राजा विसरतो’. मागच्या पानांवर हिशेब आहे. गॅसबत्तीचं रॉकेल, ड्रेपरीचं, म्हणजे नाटकातल्या कपड्यांचं भाडं, नारळ, चहा-साखर. साल कुठेच घातलेलं नाही. पण एका पानावर रुपये संपतात आणि पुढच्या पानापासून एस्कुद, म्हणजे पोर्तुगीज चलन, सुरू होतं. गोव्यात एस्कुद आले १९५८-५९ च्या सुमारास, त्यावरून त्या उत्सवाचा काळ लागतो. आणखी थोडी पानं उलटली की परत रुपये, म्हणजे मुक्ती झालेली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत संहिता आधी अधिकाऱ्यांना दाखवून परवानगी घ्यावी लागायची, असं आजोबा सांगत. १९ डिसेंबर १९६१ नंतर ती कटकट गेली, ड्रेपरीवाल्याची मात्र राहिली.

मूळ शोधायचं तर देवळांपर्यंत जावं लागतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी सासष्टी-तिसवाडीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा माणसांनी देव उचलून नदीपलीकडे आणले. कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होतं, पोर्तुगिजांकडे गेलं ते १७६३ साली. एवढ्याशा टापूत एवढी देवस्थानं, आणि प्रत्येकाचा उत्सव, जत्रा, काला. काल्याला दशावतार होताच, त्याच्या शेजारी पुढे लिहिलेली नाटकं आली. एकोणिसाव्या शतकात डोंगरीच्या कृष्णंभट्ट बांदकरांनी रामनवमीच्या उत्सवासाठी नाटकं रचली, हे आमच्याकडे नाटकाचं वेड असलेला कुणीही सांगेल. मंगेशीचे दीनानाथ १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढून मोठे झाले. बाकीचे आम्ही गावातच राहिलो, वर्षाला एक नाटक करत.

टिकलं कसं, याबद्दल माझं मत जरा रोकडं आहे. उत्सवाची तिथी पुढे ढकलता येत नाही, म्हणून टिकलं. शहरातल्या ग्रुपचं ‘बघू, पुढच्या महिन्यात करू’ चालतं. इथे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी झाली की देवासमोर नारळ ठेवायचा आणि तालमी सुरू. जागा देवळाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरण्याची इमारत, वेळ जेवणं आटोपल्यावर. दिग्दर्शक, त्याला आम्ही मास्तरच म्हणतो, कधी गावचा, कधी बाहेरून मानधन देऊन आणलेला. पैसा वर्गणीतून. आमच्याकडे पात्र जेवढं मोठं तेवढी वर्गणी मोठी, असा अलिखित नियम होता. त्यामुळे राजा गावातला उत्तम नट असेलच असं नाही.

भाषेचं सांगितलं नाही तर गोव्याचं उत्तर अर्धं राहील. घरात, शेतात, भांडणात आम्ही कोंकणी. कीर्तन-पुराण मराठीत, म्हणून नाटकही मराठीत. माझ्या लहानपणी एका ऐतिहासिक नाटकात हेर धावत येऊन ओरडायचा, ‘महाराज, घात झाला, गनीम आला!’ महिनाभर तालमीत त्याने ते वाक्य चोख म्हटलं. प्रयोगाच्या रात्री राजांगण, म्हणजे देवळापुढचं अंगण भरलेलं, पुढच्या रांगेत देवस्थानचे महाजन, म्हणजे वंशपरंपरेने देवस्थानचा मान असलेली मंडळी, आणि गड्याचा पाय विंगेतल्या वायरीत अडकला. तो रंगमंचावर कोसळतच आला आणि म्हणाला, ‘म्हाराज, घात जालो, गनीम आयलो!’ महाराजांनी प्रसंग सावरायला जावं, तर त्यांच्याही तोंडून कोंकणीच आलं, ‘खंयच्यान?’, म्हणजे ‘कुठून?’ पुढची पाच मिनिटं नाटक बंद. गावात त्याला अजून ‘गनीम’ म्हणतात, पोरंसोरंसुद्धा.

बायकांची कामं आधी पुरुषच करत. मग बाहेरून नटी येऊ लागल्या, नाइटचे पैसे ठरवून. एका तालमीपुरत्या येऊन त्या नाटक उचलून धरत, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. आता गावच्याच मुली काम करतात.

१९७० साली कला अकादमी झाली, तिच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि मंडळात दोन तट पडले. तरुणांना स्पर्धेचं नाटक हवं, कमी पात्रांचं, प्रकाशयोजनेचं. जुन्यांना राजांगणात तलवारी हव्यात. आम्ही एकदा स्पर्धेचं नाटक उत्सवात केलं. दुसऱ्या अंकातला लांबलचक मौनाचा प्रसंग आला, तेव्हा एक आजी मोठ्याने म्हणाल्या, ‘उतरां विसरलो दिसता.’ म्हणजे शब्द विसरला वाटतं. तेव्हापासून स्पर्धेचं वेगळं आणि देवाचं वेगळं, असा तह झाला आहे. अकादमीच्या स्पर्धेच्या ब गटात आम्ही अधूनमधून उतरतो. बक्षिसांबद्दल विचारू नका.

हल्ली विंगेत मी बसतो, हातात झेरॉक्स. विसरणाऱ्या राजाचा नातू या वर्षी राजा आहे. त्याचं पाठांतर पक्कं आहे, फक्त वेर्ण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून तालमीला पोचेपर्यंत साडेदहा होतात.

बघायला यायचं असेल तर खुशाल या. वेळ रात्री दहाची जाहीर होते, पडदा साडेअकराला उघडतो. खुर्च्या महाजनांना लागतात, चटई घेऊन या.