किनारा दिसला म्हणून वळू नकोस

चि. यास अनेक आशीर्वाद.

अठ्ठावीस फुटी शिडाची बोट घेऊन ऑक्टोबरअखेर गोव्याहून मुंबईला निघायचं म्हणतोस. नारळी पौर्णिमा झाली की समुद्र निवळला, या भरवशावर राहू नकोस. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला कोकण किनाऱ्यावर आदळलं, क्यार २०१९ च्या ऑक्टोबरअखेरचं. बंदरात तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागला असेल तर निघायचं नाही. त्यात वाद नको.

वाटेत वादळानं गाठलं की मन आधी किनाऱ्याकडे धावतं, आणि बोटी जातात त्या तिथंच. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे; वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असला की तो तुला जमिनीवरच लोटतो. शापोरा, मांडवी, साळ, सगळ्या नद्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे, म्हणजे पाण्याखालचे उंचवटे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे दोन मीटरच्या लाटेला अडीच मीटर पाण्यावर फुटायला हरकत नाही. त्यात ओहोटी असेल तर बाहेर पडणारं पाणी लाटेला आणखी उभी करतं. आग्वादचा दांडा पावसाळ्यात बंद, म्हणून खनिजाच्या बार्जसुद्धा कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत काढत. मुरगावला खोल चॅनेल आहे, आडोशाला बांध आहे. पण वारा चढायच्या आत आणि उजेडी पोचणार असशील तरच तिकडे वळ. नाहीतर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खोल समुद्राकडे.

शीड वेळेत आखड. वारा १५ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ३० झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. ‘रीफ घ्यावा का’, म्हणजे शीड खालून दुमडून लहान करावं का, असं मनात आलं, तीच वेळ. आधी टॉपिंग लिफ्ट (बूम वरून तोलणारी दोरी) ताण, नाहीतर बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, डोक्यावर येईल. मेनशीट (बूम आवरणारी दोरी) सैल सोड, हॅलयार्ड (शीड वर चढवणारी दोरी) उतरव, शिडाचं डोलकाठीजवळचं कडं हुकात अडकव. मग हॅलयार्ड पुन्हा इतकं ताण की शिडाच्या पुढच्या काठाला उभी घडी दिसली पाहिजे. शेवटी मागची रीफ लाइन ओढून शीड बूमला भिडव. मधल्या दोऱ्या फक्त लोंबणारं कापड गुंडाळायला असतात. नवशिके त्याच करकचून बांधतात, सगळा भार त्यांच्यावर येतो आणि शीड भोकांच्या रांगेत फाटतं.

त्यानंतरही झेपेना, तर हीव्ह-टू, म्हणजे बोट जवळपास जागीच थोपवून धरायची. मेनला (मोठ्या शिडाला) तिसरा रीफ, पुढे छोटं स्टॉर्म जिब (वादळातलं पुढचं शीड) उलट्या बाजूला ताणलेलं, टिलर (सुकाणूचा दांडा) वाऱ्याच्या पलीकडे बांधलेला. जिब नाळ वाऱ्यापासून दूर ढकलतं, सुकाणू ती वाऱ्याकडे आणतं. त्या ओढाताणीत बोट वाऱ्याशी साधारण ५० अंशांत थबकते आणि वाऱ्याच्या बाजूला गुळगुळीत पाण्याचा पट्टा सोडत हळूहळू सरकते. पट्टा दिसेना आणि बोट पुढे चालायला लागली, तर टिलर किंवा जिब थोडं बदलून पाहा. प्रत्येक बोटीचं गणित वेगळं, म्हणून हे आधी २० नॉटच्या वाऱ्यात करून बघ. सरकणं ताशी दोन सागरी मैल धर: बारा तासांना २४. तेवढं पाणी किनाऱ्याच्या बाजूला हवंच.

बाकी थोडक्यात. जॅकलाइन (अंगावरच्या पट्ट्याचा हुक अडकवायला डेकवर ताणतात ती) चपट्या पट्ट्याची घे, गोल दोरी पायाखाली फिरते. केबिनच्या बाहेर पाऊल टाकण्याआधी हुक लाव. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) जाळी निघताना साफ कर, पहिल्याच पाण्यात कागदाचा चोथा तिथं जाऊन बसतो. उलटीची गोळी मळमळण्याआधी घ्यायची. थर्मासमध्ये पेज भरून ठेव, हलत्या बोटीत चूल पेटवायला कोणी धजत नाही.

व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर ठेव. मार्ग आणि पोचायची वेळ किनाऱ्यावर एकाला लिहून दे; तू वेळेत पोचला नाहीस तर त्यानं तटरक्षक दलाला १५५४ वर कळवायचं, हेही त्याच कागदावर लिही.