आटणं, उडणं, वाळणं आणि बाष्पीभवन

प्रश्न असा आला आहे : मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर दोन बाटल्या ठेवल्या, एक उघडी, एक घट्ट बुचाची. उघडीतलं पाणी आटलं, बंदमधलं तेवढंच राहिलं. मुलीनं वहीत लिहिलं, ‘बंद बाटलीत बाष्पीभवन होत नाही.’ बाईंनी त्यावर फुली मारली. मग बरोबर काय लिहायचं, आणि ‘आटणं’ म्हणजेच बाष्पीभवन ना?

नाही, आणि फुलीही योग्यच आहे. ‘आटणं’ हा हिशेबाचा शब्द आहे. आधी किती होतं, आता किती उरलं, एवढंच तो सांगतो. विहीर आटते तेव्हा पाणी उन्हानं गेलं की उपशानं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बाष्पीभवन हे पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होऊन जाण्याच्या क्रियेचं नाव आहे, मग साठा कमी होवो वा न होवो.

बंद बाटलीत ही क्रिया थांबतच नाही. पृष्ठभागावरून रेणू सुटत राहतात आणि वरच्या मोकळ्या जागेतले परतत राहतात. सुरुवातीला जाणारे जास्त असतात. जागा बाष्पानं भरत आली की परतणारे वाढतात, आणि शेवटी दोन्हींचा वेग सारखा होतो. हाच गतिक समतोल. त्या वेळच्या बाष्पाच्या दाबाला संपृक्त बाष्पदाब म्हणतात. २५ अंश सेल्सिअसला तो पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटर असतो, ४५ अंशांना सुमारे ७२, म्हणजे तिप्पट. तरीही ४५ अंशांवर अर्धा लिटर मोकळ्या जागेत जेमतेम ३३ मिलिग्रॅम बाष्प मावतं. एक थेंबसुद्धा नाही! पातळी हललेली दिसणार कुठून?

तेव्हा वहीत असं लिहावं : ‘बंद बाटलीत बाष्पीभवन होतं, पण तेवढंच संघनन होत असल्यानं पाणी आटत नाही.’ संघनन म्हणजे बाष्पाचं परत पाणी होणं. काही पुस्तकांत त्याला सांद्रीभवन म्हटलेलं असतं, अर्थ एकच.

बाकीच्या दोन शब्दांचं थोडक्यात. कापूर, स्पिरिट, अत्तर ‘उडतं’, कारण ते झटकन आणि मागमूस न ठेवता जातं. ‘वाळणं’ मात्र मागे उरणाऱ्या वस्तूचं असतं : कपडे वाळतात, पापड वाळतात, पाणी कधी वाळत नाही.

जाणं आणि परतणं यांचा हाच हिशेब नागपूरकरांना कूलरमुळे ठाऊक असतो. मेमध्ये हवा कोरडी, परतणारे रेणू कमी, म्हणून टाकी भराभर रिकामी होते आणि खोली गार पडते. जुलैच्या दमट हवेत जवळपास जितके जातात तितके परततात. कूलर नुसता पंखा होऊन बसतो.

जाता जाता ‘बाटलीला घाम आला’विषयी. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवरचे थेंब आतून आलेले नसतात, ते खोलीतल्या हवेतलं बाष्प असतं. म्हणूनच मेमध्ये ते बेताचेच दिसतात आणि पावसाळ्यात ओघळ लागतात. माठाचं तसं नाही, त्याच्या छिद्रांतून पाणी खरंच बाहेर येतं, म्हणून तिथे ‘पाझरणं’ चपखल बसतं. काचेच्या बाटलीला ‘पाझरते’ म्हणणं मात्र चूक. मला विचाराल तर, आरशावर धरते तशी ‘बाटलीवर वाफ धरली’ म्हणावं.