सेव्ह दाबलं की एक्सेल अडकतं, सर्व्हर बदलायचा का?

प्रश्न : आम्ही ऑफिसात बारा जण आहोत, सगळ्या फायली एकाच विंडोज सर्व्हरवर. ८ एमबीची एक्सेल फाइल उघडते पटकन, पण सेव्ह करायला ४० सेकंद लागतात, तोपर्यंत स्क्रीन पांढरी पडते आणि वर नॉट रिस्पॉन्डिंग येतं. तीच फाइल डेस्कटॉपवर लगेच सेव्ह होते. म्हणून आता जो तो डेस्कटॉपवरच काम करतो आणि संध्याकाळी फाइल सर्व्हरवर टाकतो, त्यात दोनदा एकाच्या कामावर दुसऱ्याची फाइल बसली. मेंटेनन्सवाले म्हणतात सर्व्हर जुना झाला, नवीन घ्या. घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. आणि आधी ते डेस्कटॉपवरचं काम बंद करा प्लीज, कारण बॅकअप बहुतेक ठिकाणी सर्व्हरचाच घेतला जातो, एखाद्याची हार्डडिस्क गेली तर दिवसभराचं काम गेलंच समजा.

आता जरा हिशोब करू. जुन्या १०० एमबीपीएसच्या लाइनवरून सेकंदाला साधारण ११ एमबी जातात, गिगाबिट असेल तर ११० च्या आसपास. म्हणजे अगदी जुन्या लाइनवरूनही तुमची फाइल सेकंदाभरात पोचायला हवी, मग बाकीचे ३९ सेकंद कुठे जातात? कोणीतरी कोणाची तरी वाट बघत बसलेलं असतं, ते कोण हे शोधायचंय.

एक साधी टेस्ट करा. एक्सेल बंद करा, त्या फाइलची कॉपी डेस्कटॉपवर घ्या, नाव बदला आणि एक्सप्लोररमधून सर्व्हरच्या त्याच फोल्डरमध्ये परत टाका. घड्याळ लावून. दोन-तीन कॉम्प्युटरवरून करा, आणि त्रास सगळ्या बारा जणांना आहे की एकदोघांनाच हेही विचारून घ्या, यावरूनच अर्धं काम होतं.

कॉपी झटकन झाली तर लाइन आणि सर्व्हर बहुधा ठीक आहेत, गडबड सेव्हच्या पद्धतीत आहे. एक्सेल जुन्या फाइलवर थेट लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये भलत्याच नावाची एक टेम्पररी फाइल बनवतं, सगळं त्यात लिहितं, मग जुनी फाइल काढून टाकतं आणि नवीनला तिचं नाव देतं. यातल्या प्रत्येक पायरीवर अँटीव्हायरस मध्ये पडू शकतो, तुमच्या कॉम्प्युटरवरचा आणि सर्व्हरवरचाही. मेंटेनन्सवाल्यांना समोर बसवून एका टेस्टपुरता तो थांबवून बघा (तसाच बंद ठेवून उठू नका, हे अगदी कळकळीने सांगतोय). फरक पडला तर एकच फाइल दोन्हीकडे स्कॅन होणार नाही अशी सेटिंग त्यांच्याकडून करून घ्या. दुसरा संशयित म्हणजे प्रिंटर. ऐकायला विचित्र वाटेल पण एक्सेल पानाच्या मापासाठी डीफॉल्ट प्रिंटरला विचारतं, आणि तो नेटवर्कवरचा प्रिंटर बंद असेल तर उत्तराची वाट बघत राहतं. डीफॉल्ट म्हणून मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ लावून बघा, मिनिटभराचं काम आहे. जुन्या काढून टाकलेल्या सर्व्हरचा मॅप केलेला ड्राइव्ह (धिस पीसीमध्ये अक्षर देऊन जोडलेलं सर्व्हरवरचं फोल्डर) लाल फुली घेऊन पडलेला असेल तर तोही काढा.

कॉपीलाही वेळ लागला तर मात्र खाली, केबल आणि सर्व्हरच्या डिस्कपर्यंत उतरायचं. एकाच टेबलावर त्रास असेल तर केबल बदला, स्विचवरचा (सगळ्या केबल जिथे येतात तो डबा) पोर्ट बदला. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, एक जरी नीट क्रिंप झालेली नसली तर लाइन बऱ्याचदा १०० वर उतरते, विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो तिथे बघा. कोणी स्विचवर हाताने फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं, हाफमध्ये एका वेळी एकच) लावलं असेल आणि कॉम्प्युटर ऑटोवर असेल तर कॉम्प्युटर हाफवर जाऊन बसतो, पिंग (छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का बघणं) व्यवस्थित दिसतो पण फाइल रखडते. दोन्हीकडे ऑटो ठेवा.

सगळ्यांनाच त्रास असेल तर तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, उघडते पटकन पण सेव्ह हळू. वाचणं जलद आणि लिहिणं हळू म्हटलं की मी पहिल्यांदा सर्व्हरच्या रेड कंट्रोलरकडे बघतो, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाकडे. रेड ५ या डिस्क जोडण्याच्या प्रकारात छोटंसं लिहायचं तरी डिस्कवर चार कामं होतात, जुना डेटा वाचा, पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत मिळवायची जादा नोंद) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. एरवी हे कळत नाही कारण कंट्रोलर डेटा स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत घेऊन लगेच झालं म्हणतो. पण त्या कॅशची बॅटरी मेली की बरेच कंट्रोलर, लाइट गेली तर डेटा जाऊ नये म्हणून, लिहिण्याची कॅश आपणहून बंद करतात आणि मग प्रत्येक सेव्ह डिस्कची वाट बघतो. मेंटेनन्सवाल्यांना कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीचं स्टेटस आणि राइट बॅक (कॅश चालू) की राइट थ्रू (थेट डिस्कवर) हे दाखवायला सांगा. राइट थ्रू दिसलं आणि बॅटरी फेल असेल तर आधी बॅटरी बदलून बघा. त्याच वेळी एखादी डिस्क खराब दाखवतेय का तेही बघा, तसं असेल तर आजच बॅकअप तपासा.

प्रश्न : सेव्ह होताना नेटवर्क गेलं. आता फोल्डरमध्ये आठ अक्षरं-आकड्यांच्या नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल दिसते. डिलीट करू का?

उत्तर : अजिबात नको! वर सांगितलेली टेम्पररी फाइल ती हीच, तुमचं काम कदाचित तिच्यातच आहे. तिची कॉपी डेस्कटॉपवर घ्या, नावापुढे डॉट एक्सएलएसएक्स लावा आणि उघडून बघा. अर्धवट लिहिली गेली असेल तर एक्सेल दुरुस्त करू का विचारेल, हो म्हणा. मूळ फाइल जागेवर आहे आणि नीट उघडते हे बघितल्यावर, आणि त्या क्षणी दुसरं कोणी सेव्ह करत नाहीये ना हे विचारून मगच ती काढा.